निळा गोळा

सलग दीड वर्ष आमच्या क्लबात सगळ्यात जास्त डाव मी जिंकले, आणि त्या दीड वर्षात मला एकदाही शंका आली नाही. मी शिक्षिका. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या. कोण कुणाच्या वहीतून उतरवतोय, ते फळ्याकडे तोंड करूनही मला कळायचं. पण गोष्ट स्वतःवर आली की माणसाची अक्कल चरायला जाते. ‘मॅडम, तुमचा नेम म्हणजे नेम’ असं कोणी म्हटलं की मी सरळ हरभऱ्याच्या झाडावर.

क्लब म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. जालन्यात तलावाच्या काठाला निजामाच्या काळातली एक सार्वजनिक बाग आहे. दगडी भिंत, लोखंडी फाटक, मधोमध एक कारंजं. त्या कारंज्यातून पाणी उडताना मी अजून पाहिलेलं नाही. चालणाऱ्यांसाठी आता सिमेंटच्या गट्टूंचा रस्ता झालाय, मुलांच्या घसरगुंड्या आल्यात, आणि एका बाजूला ठरवून मोठमोठ्याने हसणारं एक मंडळ असतं. त्यांच्यापासून जरा लांब, कडुलिंबांच्या मधे, गवताचा एक सपाट तुकडा आहे. तिथे सकाळी सातला आम्ही सात-आठ निवृत्त माणसं क्रोके खेळतो. नाव नाही, पाटी नाही, वर्गणी नाही. एक लाकडी पेटी आहे, तोच क्लब.

ती पेटी इंजिनीअर साहेबांनी आणली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. एका जुन्या सरकारी विश्रामगृहाचं कोठार रिकामं करताना भंगारात ती पेटी निघाली. आत लांब दांड्याच्या चार मोगऱ्या, लोखंडी कमानी आणि चार रंगांचे चार लाकडी गोळे. साहेबांनी ती रीतसर पावती करून घेतली. खेळ मात्र कोणालाच माहीत नव्हता. शेवटी त्याच विश्रामगृहातल्या एका म्हाताऱ्या खानसाम्याने, लहानपणी गोऱ्या साहेब लोकांना खेळताना पाहिलं होतं त्या आठवणीवर, नियम सांगितले. त्यातले खरे किती आणि त्याच्या पदरचे किती, कुणास ठाऊक. आम्ही ते सगळे कायद्यासारखे पाळतो.

खेळ सोपा आहे. गवतात सहा कमानी रोवलेल्या. मोगरीने आपला गोळा मारत मारत सगळ्या कमानींतून काढायचा आणि शेवटी मधल्या खुंटीला लावायचा. ज्याचा आधी लागला तो जिंकला. एवढंच असतं तर हा खेळ आम्ही आठवड्याभरात सोडून दिला असता. खरी गंमत पुढे आहे. तुमचा गोळा दुसऱ्याच्या गोळ्याला लागला, तर तुम्ही आपला गोळा उचलून त्याच्या गोळ्याला खेटून ठेवायचा. मग आपल्या गोळ्यावर पाय दाबून धरायचा आणि त्यावर मोगरी हाणायची. तुमचा जागेवर राहतो आणि दुसऱ्याचा सुटतो तो थेट कुंपणापर्यंत. याला आम्ही ‘हाकलणं’ म्हणतो. बिचारा अर्धा डाव पार करून आलेला असतो, आणि पुन्हा घसरगुंडीपाशी जाऊन उभा राहतो.

हाकलण्यावरून आमच्यात जी भांडणं होतात, ती ऐकायला हसणाऱ्या मंडळातले लोक हसायचं थांबवून येतात. नातवंडं असलेली माणसं ‘मुद्दाम केलं, मुद्दाम केलं’ म्हणून ओरडतात. मेडिकलवाले भाई एकदा हाकलले गेल्यावर दोन दिवस बोलले नव्हते. त्यांचं औषधांचं दुकान आता मुलगा बघतो, त्यामुळे रुसायला त्यांच्याकडे वेळच वेळ आहे.

आणि काका. काका टेंभुर्णीकडचे, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातले. मुलं जालन्यात आली म्हणून तेही आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, धोतर, डोक्याला पांढरी टोपी, एक गुडघा कामातून गेलेला. पण हाकलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. आधी मोगरीवर टेकून उभे राहतात, लांबवर बघतात, ‘कुठं पाठवू सांगा, परतूर का मंठा?’ असं ज्याचा गोळा त्यालाच विचारतात, आणि मग हाणतात.

मी यांच्यात कशी आले? हसनाबादच्या शाळेतून निवृत्त झाले, जालन्यात राहायला आले, आणि डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं. चालण्याचा मला भयंकर कंटाळा. गोल गोल फिरायचं आणि निघालो तिथेच पोचायचं, यात काय अर्थ आहे? तिसऱ्या दिवशी मी गवताच्या कडेला उभी राहून या लोकांचा खेळ बघत होते. पाचव्या दिवशी मी मोठ्यानं म्हणाले, “तिरका मारताय तुम्ही, दांडा सरळ धरा.” इंजिनीअर साहेबांनी वळून बघितलं आणि मोगरी माझ्या हातात दिली.

चार गोळे गवतावर पडले होते. लाल, काळा, पिवळा, निळा. मी निळा उचलला. का उचलला, असं विचारलं तर मी सांगते की मोतीबिंदूमुळे वाळल्या गवतात मला तोच नीट दिसत होता. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. आमच्या घरात निळा रंग हा नुसता रंग नाही. दाराच्या चौकटीला तो आहे, चौदा एप्रिलला तो गल्लीभर असतो, माझ्या आईला शेवटचं नेलं तेव्हा तिच्या अंगावर तो होता. अनोळखी माणसांत मी पहिल्यांदा उभी होते, आणि माझा हात आपोआप ओळखीच्या गोष्टीकडे गेला. कोणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून निळा माझा झाला.

मग सुरू झाली ती माझी दीड वर्षाची घोडदौड. मी मुलीला फोनवर सांगायचे, आज दोन डाव मारले, आज तीन. ती पुण्यात असते. म्हणायची, “आई, तुला हे आधीच सापडायला हवं होतं.” मलाही तसंच वाटत होतं. शाळेत मी चांगली होते, पण तिथे चांगलं असणं भाग होतं. आमच्यासारख्या घरातून आलेल्या बाईची एक चूक दहा ठिकाणी सांगितली जाते, म्हणून मी पस्तीस वर्षं चूक न करता नोकरी केली. इथे मात्र उगाच, काहीही कारण नसताना, मी कशात तरी चांगली होते. याचं मला जे सुख होतं ते सांगता येणार नाही.

एका सकाळी एक नवे गृहस्थ आले. बँकेतून नुकतेच निवृत्त, अंगात नवा ट्रॅकसूट. त्यांना नियम सांगितले, लाल गोळा दिला. पहिल्याच डावात त्यांचा लाल माझ्या निळ्याला येऊन टेकला. ते खूश झाले. त्यांनी लाल खेटून ठेवला, त्यावर बूट दाबला, मोगरी उचलली. मी जवळच, कारंज्याकडे तोंड करून पाणी पीत उभी होते. माझं लक्ष नाही असं काकांना वाटलं असावं. ते पटकन पुढे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. निळा हाकलायचा न्हाई.”

“का बरं?”

“न्हाई म्हणलं ना. बाकी कोन्ताबी हाकला.”

बँकवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे, आणि त्यांना काहीतरी कळलं. काय कळलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी पाय काढून घेतला.

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. आठवू लागले. दीड वर्षात माझा गोळा कोणी हाकलला होता? एकदाही नाही. भाईंचा रोज हाकलला जायचा, इंजिनीअर साहेबांचा आठवड्यातून चारदा. माझा कधीच नाही. हे मला कसं दिसलं नाही? मी तो डाव पुरा केला आणि जिंकलेसुद्धा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन बसले तेव्हा मला माझी पहिली नोकरी आठवली. घनसावंगीच्या बाजूला, उसाच्या मुलखातली एक शाळा. शिक्षकांच्या खोलीत दुपारी चहा व्हायचा. सगळ्यांचे कप पांढरे आणि एका कपावर गुलाबाचं फूल. तो कप नेहमी माझ्याकडे यायचा. “हा बाईंचा कप,” असं सगळे हसून म्हणायचे. मला सहा महिने त्याचं कौतुक वाटलं. नवीन आले म्हणून एवढा मान देतात, असं मी आईला पत्रात लिहिलं होतं. मग एके दिवशी बघितलं, बाकीचे कप एका घमेल्यात धुतले जात होते आणि गुलाबाचा कप बाहेर ओट्यावर वेगळा पालथा घातलेला होता. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मला चहा आवडत नाही असं सांगितलं आणि पुढे तीन वर्षं तिथे चहा घेतला नाही.

त्या न बोलण्याचा राग मला अजून आहे. कपाचा नाही, स्वतःचा. त्यामुळे या वेळी मी ठरवलं की काय असेल ते विचारायचं. गेला क्लब तर गेला.

दुसऱ्या दिवशी काका, भाई आणि इंजिनीअर साहेब तिघंच आलेले होते. साहेब कमानी रोवत होते. मी मोगरी हातात न घेता विचारलं, “माझा गोळा तुम्ही का हाकलत नाही?”

साहेबांच्या हातातली कमान अर्धी रोवलेली राहिली. भाई आकाशाकडे बघू लागले. मी म्हणाले, “मी बाई आहे म्हणून? का दुसरं काही? दुसरं असेल तर तोंडावर सांगा. मला ऐकायची सवय आहे.”

“अरे, तौबा मॅडम,” भाई म्हणाले, “ऐसा कुछ नहीं.”

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मीच सांगितलं सगळ्यांला,” ते म्हणाले. “तुम्ही आल्ता त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणलं, मॅडमनी निळा घेतलाय. आता पाय तर त्याला खेटून ठेवावा लागतो, वरून ठोका हाणायचा. उद्या त्यांच्या मनाला लागलं तर? कोनी बघितलं, फोटो काढला, काय बाय बोललं तर? आपल्यामुळं कशाला कोनाच्या मानाला धक्का. म्हणून म्हणलं, निळ्याला पाय लावायचा न्हाई.”

मी रात्रभर मनात जी उत्तरं तयार करून आणली होती, त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं.

“म्हणजे दीड वर्ष मी जिंकले, ते असं?”

“तुम्ही चांगलंच खेळून राह्यल्या मॅडम,” काका म्हणाले. “बिलकुल. पर मदत झाली थोडी.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतो. मी म्हणाले, “काका, लाकडाचा गोळा आहे तो. ज्यांच्यामुळे माझ्या हातात खडू आला, ते माझ्या डोक्यात आहेत, या गोळ्यात नाहीत. त्यांनी आम्हाला शिकवलं ते बरोबरीनं उभं राहायला. आणि तुम्ही मला बाजूला काढून ठेवलंत. नमस्कार करून ठेवलंत, पण बाजूलाच ना?”

काकांचं तोंड उतरलं. ते म्हणाले, “मी तर चांगल्यासाठी केल्तं.”

“माहीत आहे. म्हणून तर जास्त लागलं.”

इंजिनीअर साहेबांनी मधला मार्ग काढला. त्यांची नोकरीच मधला मार्ग काढण्यात गेलेली. “मंग असं करू मॅडम, उद्यापासून तुम्ही लाल घ्या. प्रश्नच मिटला.”

मी इतकी भडकले की हसणाऱ्या मंडळाकडे शांतता पसरली. “रंग मी बदलणार नाही,” म्हणाले, “खेळ तुम्ही बदला.”

हे सगळं बोलून घरी आले खरी, पण रात्री एक गोष्ट मनातून जाईना. समजा, पहिल्याच आठवड्यात काकांनी पायाचा जोर लावून माझा निळा कुंपणाकडे पाठवला असता, तर मला काहीच वाटलं नसतं का? वाटलं असतं. मी हसले असते आणि घरी येऊन विचार करत बसले असते, की त्यांना एवढा जोर कुठून आला. म्हणजे काकांची भीती अगदीच खुळी नव्हती. त्यांनी मला विचारलं नाही, एवढीच त्यांची चूक. आणि मी त्यांना कधी विचारू दिलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढचे चार दिवस काका आले नाहीत. बाकीचे माझा गोळा हाकलू लागले, पण कसा? पायाखाली अंडं ठेवल्यासारखा. गोळा वीतभर सरकायचा आणि मारणारा ‘सॉरी मॅडम’ म्हणायचा. असलं हाकलणं नसलेलं बरं. सगळा डाव मिठाशिवायच्या आमटीसारखा झाला होता. भाई म्हणाले, काकांचा गुडघा धरलाय. मला ते खरं वाटेना. आपण एका म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत बोललो, आणि तोही असा की दीड वर्ष आपल्यासाठी हिरव्या चाऱ्याच्या गाडीतून गावाकडचे पेरू मागवत होता. घरी जावं का, असं मनात यायचं. घर माहीत होतं. पण गेले नाही. त्यांच्या दारात मी कोणत्या तोंडानं उभी राहणार होते, माफी मागायला का त्यांना मागायला लावायला?

पाचव्या दिवशी ते आले. गुडघ्याला पट्टा होता. म्हणजे गुडघा खरंच धरला होता, आणि मी उगाच चार दिवस स्वतःला खात होते. कोणाशी फार न बोलता त्यांनी पिवळा घेतला. मी निळा. भाई आणि साहेब समोर. डाव सुरू झाला.

मी चार कमानी पार केल्या होत्या आणि पाचवीच्या तोंडाशी होते, तेव्हा काकांचा पिवळा येऊन माझ्या निळ्याला लागला. काका सावकाश चालत आले. वाकायला त्यांना त्रास होत होता, तरी स्वतः वाकून त्यांनी पिवळा निळ्याला खेटून ठेवला. त्यावर पाय दिला. मोगरीवर टेकून लांबवर बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“कुठं पाठवू सांगा मॅडम. परतूर का मंठा?”

“तुमची मर्जी,” मी म्हणाले.

त्यांनी हाणला. असा हाणला की निळा उडून गट्टूंच्या रस्त्यावर पडला, टणटण करत पलीकडे गेला आणि घसरगुंडीच्या शिडीला धडकून थांबला. चार कमानींची माझी मेहनत मातीत गेली. मी इतकी आनंदले की मला त्याची लाज वाटली. साठीला आलेली बाई, गोळा हाकलला म्हणून रडते की काय, असं लोक म्हणतील, म्हणून मी पाठ फिरवून गोळ्याकडे चालू लागले. वाटेत हसणाऱ्या मंडळातल्या एका बाईनं विचारलं, “हरल्या का हो?” मी म्हणाले, “हो ना!”

इथे ही गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. मी पेटून खेळले. शिडीपासून परत आले, तीन फटक्यांत कमानींजवळ पोचले, आणि चौथ्या फटक्याला माझा निळा सरळ जाऊन काकांच्या पिवळ्याला लागला. आता हाकलायची पाळी माझी होती. काकांचा पिवळा खुंटीपासून दोन हातांवर होता. हाकललं नाही तर ते पुढच्याच फटक्याला जिंकणार, हे दिसत होतं.

मी निळा उचलून पिवळ्याला खेटून ठेवला. आणि माझा पाय उचलेना.

खरंच उचलेना. काका तिथेच उभे होते, एका हातावर. पांढरी टोपी, धोतर, हातात काठीसारखी मोगरी. माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की दीड वर्षात मीही काकांचा गोळा कधी हाकलला नव्हता. भाईंचा हाकलला होता, साहेबांचा हाकलला होता, त्यावर भांडलेही होते. काकांचा लागला की मी आपली कडेनं एक फटका मारून पुढे जायचे, आणि त्याला मी डोकं वापरणं म्हणायचे. माझी आई अशाच टोपीवाल्यांच्या रानात निंदायला जायची. ते बांधावरून येताना दिसले की ती मला दंडाला धरून खाली काळ्या ढेकळांत उतरवायची आणि ते पुढे जाईपर्यंत तिथे उभी राहायची. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, मलाही कोणी सांगितलेलं नव्हतं. शिकले, मुख्याध्यापिका झाले, पोरांना बरोबरी शिकवली, काल-परवा यांनाच बरोबरीवर भाषण दिलं. पण पाय अजून आईच्याच ढेकळांत होता.

भाई खोकले.

“मारा की मॅडम,” काका म्हणाले. “का माझ्या पिवळ्याला भंडारा लागलाय?”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत नव्हते. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला वाटलं. निदान आपण एकमेकांना सांभाळून घेत होतो आणि दोघंही फसवत होतो, एवढं तरी कळलंच होतं.

मी पाय उचलला, निळ्यावर ठेवला आणि मारला. काकांचा गोळा गवतावरून घसरत, चालणाऱ्या दोन माणसांच्या मधून, थेट भिंतीपर्यंत गेला.

“आता गं बया!” काका ओरडले. “हे जास्तीचं झालं! मुद्दाम केलं हो मॅडमनी, मुद्दाम केलं!”

आणि शिव्या द्याव्यात तसं काहीतरी पुटपुटत, पट्टा बांधलेला पाय ओढत ते भिंतीकडे निघाले. फार लांब होतं. ते दोनदा थांबले. माझे पाय त्यांच्या मागे धावायला, गोळा उचलून आणून द्यायला तयारच होते. मी ते जागेवर ठेवले, आणि काका पोचून आपला फटका मारेपर्यंत, मोगरी धरून, भर गवतात उभी राहिले.